बैलाच्या पासावर

मु. बेहडखेडी, हिंगणीजवळ
बुधवार, ता. ५ फेब्रुवारी १९५८

सौभाग्यवती कोकिळाताईच्या सेवेशी,

धाकट्या जयवंतेचा साष्टांग नमस्कार. इकडील सर्व मंडळी सुखरूप आहेत. तुमच्याकडील खुशाली कळवीत जावी. भाऊजींना नमस्कार व मुलांना आशीर्वाद. मायचा खोकला उतरला आहे. तूर खळ्यावर आली आहे.

झाली बापा गुरुजींची मराठी. तुह्या कडेवर बसून चौथीपर्यंत जेवढी शिकली तेवढी सगळी वर लिहून टाकली. आता बोलते तशी लिहिते, नाईतर जे सांगायचं ते राहूनच जाईन.

तुह्यं पत्र मिळालं. पत्र माह्या नावाचं होतं, पण बाबानं वाचलं, मायनं ऐकलं, दोघांचं ठरून गेलं, मग माह्या हाती आलं. तू लिहिलं का जयवंतेले आता पुलगावले आपल्याजवळच ठेवते, मिलच्या चाळीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, पोरं तिच्या अंगावर खेळतीन, तिचंही निभून जाईन, महिनाअखेरीस भाऊजी घ्यायले येतीन. मायच्या डोळ्याले पाणी आलं. म्हणे, केवढी माया आहे कोकिळेची. बाबानं माह्यी पेटी माळ्यावरून खाली काढून पुसून ठेवली.

त्याचं उत्तर मी आज देत नाई. रागावू नको. दिवाळीत तुह्याकडे राहून आली तेव्हापासून तुले एकही पत्र लिहिलं नाई, त्याचंही कारण काई नाई. राहून गेलं. आज मले दुसरंच सांगायचं आहे, अन् ते पोटात मावून नाई राह्यलं.

ताई, येत्या मंगळवारी मी जंगलात जाते. गाव बाहेरले. डोहावर.

तू म्हणशीन, पोरीले ताप आला काय. थांब, कसं झालं ते ऐक.

मागच्या माघात गाव बाहेर गेलं अन् पंधरा दिवसांत गुरांले खुरकत झाली ते तुले ठाऊक आहे. आपला बैल लाखा तीन पायांवर उभा होता. तवापासून पंचांच्या डोक्यात एकच किडा, की कोणीतरी मातामायचा नेम मोडला. वर्षातला एक दिवस गाव तिच्या हवाली करायचं, चुली विझवायच्या, सगळ्यांनी डोहावर जाऊन रोडगे खायचे, दिवे लागेपर्यंत वेशीच्या आत पाय ठेवायचा नाई. ती माउली रिकाम्या गल्ल्यांतून एकटी फिरते, तिच्या नजरेस माणूस पडायले नको. एवढा साधा नेम, तो कोणी मोडला?

परवा आपल्या ओसरीवर पंच बसले सगळे. मी खांबाले टेकून कापसातली किडकी कवडी वेचून राह्यली होती. एक म्हणे, किराणावाला दुकान सोडून जात नाई, तो आत लपून झोपला असन. किराणावाला तिथंच होता, तो पेटला. मग म्हणे, एका घरी मांजर व्याली होती. मांजर चालते का नाई, यावर चिलीम विझेपर्यंत वाद झाला. मले आधी हसू आलं, मग येईनासं झालं. मी म्हटलं, "मी होती न गावात."

सगळ्याईनं माह्याकडं पाह्यलं, अन् मग एकमेकांकडं.

पंचांतला सगळ्यात बुढा म्हणाला, "तू होय. पण तू तर घरात होती पोरी. गावात कुठं होती?"

मी म्हटलं, "आमचं घर काय पुलगावात हाय, काकाजी?"

अन् मग माह्यं तोंड काई थांबलं नाई. म्हटलं, मी दरवर्षी असते, मले उचलून कोण नेते? शिळी भाकर खाऊन आंगणात बसते. दोन घरं सोडून धुरपताबुढी असते, तिचे गुडघे गेले तवापासून तिले कोणी नेत नाई. अन् रामाजी असतो वेशीवर, तुम्हीच ठेवता त्याले राखणीले. तीन माणसं बसवून ठेवता अन् तोरण बांधून दवंडी देता, गाव रिकामं झालं. मातामायले आम्ही दिसत असू तर तिचा नेम तुम्ही मोडला. अन् दिसत नसू, तर मग ती कायची माय?

हे शेवटचं मायले लागलं. ती आतून म्हणाली, "जयवंते, पुरे कर." पण बाबा म्हणाले, "बोलू दे तिले."

खरं सांगू? कोणी मुद्दाम केलं नव्हतं. तेच मले जास्त लागलं. त्याईच्या ध्यानातच नव्हतं की आमालेही मोजायचं असते. मांजर ध्यानात होती.

रामाजीले बोलावलं. तो आंगणात उभा राह्यला. आता पहिल्यासारखा वाकून नाई, सरळ. यंदाच्या दसऱ्याच्या वक्ती नागपूरले दीक्षा घेऊन आले तवापासून त्याच्या मोहल्ल्यानं गावकीची कामं सोडली आहेत. राखण नाई, दवंडी नाई, मेलेलं ढोर ओढणं नाई. पंच म्हणाले, "रामाजी, यंदा तू बी चाल डोहावर."

रामाजी म्हणाला, "तुमच्या देवीसाठी मी येत नाई, ते पयलेच सांगतो. पण जंगल का देवीचं हाय? जंगलाले मी येतो." अन् चालला गेला. पंचांले राग करावा का आनंद हेच समजून नाई राह्यलं. पण ठरलं. यंदा सगळे जातीन.

आता एकच भेव आहे. जंगलाच्या तोंडाशी जंगलखात्याचा नाका झाला आहे, तिथला नाकेदार गाडी आत जाऊ देत नाई म्हणतात. बाबा म्हणतात, बोलून पाहू. मी नवं लुगडं काढून ठेवलं आहे. मायनं विचारलं, जंगलात नवं लुगडं कायले? म्हटलं, मले वाटते म्हणून.

तुह्यी,
जयवंता


गुरुवार, ता. १३ फेब्रुवारी १९५८

सौ. कोकिळाताईले नमस्कार. इकडं सगळं बरं आहे, तिकडं बरं असू दे.

ताई, मी जाऊन आली.

दोन दिवस झाले तरी अंग दुखून राह्यलं, अन् मी त्या दुखण्यावर बेहद खूश आहे. माय म्हणते, एकटीच काय हसते. क्रमानं सांगते, मधात घुसू नको.

मंगळवारी बाबानं गाडी जुंपली तर धुरपताबुढी आधीच गाडीत. अंधारापासून येऊन बसली होती, हातात बोचकं. म्हणे, "मले इसरून जातीन म्हणून आधीच बसली." लोक पायदळ पुढं निघाले, भांडीकुंडी, पीठ, वांगी सगळी आपल्या गाडीत. रामाजी गाडीच्या बाजूनं चालत होता. वेशीवर तोरण चढलं, मागं राह्यलेल्या दोघातिघांनी यंदा स्वतःच दिलेली दवंडी ऐकू आली, गाव रिकामं झालं. पयल्यांदाच मी ती दवंडी बाहेरून ऐकली. 

नाक्यावर बांबू आडवा. नाकेदार वासुदेवराव, माणूस वाईट नाई, पण हुकमाले चिकटलेला. म्हणाला, "माणसं जाऊ द्या, पायदळ जाणाऱ्याला मनाई नाही. चाक आत जायचं नाही. वरचा हुकूम आहे. गाडी आत गेली की लाकूड बाहेर येतं."

बाबा म्हणाले, "येताना काडी काडी तपासून घ्या. माह्यी पोरगी चालू शकत नाई."

"मग ती कशाला जाते?" त्यानं खरंच विचारलं. टोमणा नव्हता. त्याले समजतच नव्हतं.

बायांनी भांडी डोक्यावर घेतली अन् एकएक करून सगळं गाव बांबूच्या बाजूनं आत गेलं. माय तेवढी घुटमळत राह्यली. पोट्टे पळाले, पंच गेले, किराणावाला बी गेला. गाडीजवळ बाबा, माय, धुरपता, रामाजी अन् मी राह्यलो. वासुदेवरावनं चांगल्या मनानं आमाले पाणी दिलं अन् म्हणाला, "इथं सावलीत बसा. संध्याकाळी येतीलच सगळे." इतक्या प्रेमानं म्हणाला का मी पाणी न पिताच खाली ठेवलं. रागानं, ताई. बसा म्हणणारा माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडता आलं असतं.

अन् परत जावं तर तेही नाई. दिवे लागेपर्यंत वेशीच्या आत पाय ठेवता येत नाई. मागं गाव बंद, पुढं जंगल बंद. धुरपता म्हणाली, "आता आपुन नाक्याचे रहिवासी झालो."

तेवढ्यात धूळ उडवत मोटार आली. जंगलातल्या बंगल्यावर साहेबाचे पाहुणे चालले होते. वासुदेवराव धावला, सलाम केला, बांबू वर. मागच्या सीटवर एक जाडी म्हातारी बाई होती, मांडीवर काठी आडवी, पायाले पट्टी बांधलेली. तिलेही चालता येत नसन. ती माह्याकडं पाहून गोड हसली अन् गेली. तिले कोणी विचारलं नाई, तू कशाले जाते म्हणून.

धुरपतानं विचारलं, "त्या गाडीले चाकं नव्हते काय रे बापा? खूर होते?"

"ती साहेबाची गाडी आहे, आजी," वासुदेवराव म्हणाला अन् त्यानं खाली पाह्यलं. लाज वाटली त्याले, ते मी पाह्यलं.

बाबानं बैलं सोडली. उन्हात उभी होती. तेव्हा वासुदेवराव, काईतरी बरं करावं म्हणून असन, बाबाले म्हणाला, "बैलं आत सोडा चरायला. त्यांचा चराईचा निस्तार-हक्क आहे, पास आहे तुमच्या नावचा. बैलांना मनाई नाही."

मी हे ऐकलं अन् ताई, माह्या डोक्यात लख्ख झालं.

म्हटलं, "नाकेदारसाहेब, बैल जाऊ शकते?"

"जाऊ शकतो."

"त्याच्या पाठीवर काय असावं अन् काय नसावं, हे पासात लिहिलं हाय काय?"

तो विचारात पडला. खरा माणूस आहे, उगाच खोटं बोलला नाई. म्हणाला, "तसं काही लिहिलेलं नाही."

"तर मंग बाबा, मले लाख्यावर बसवा."

मायनं कपाळाले हात लावला. "अवं, नंदी हाय तो महादेवाचा. पोळ्याले आपुन त्याच्या पाया पडतो. बाईमाणूस बसते काय कधी नंदीवर? पाप लागते." तोरण बांधून मागून आलेले ते दोघंतिघं थांबले, तेही म्हणू लागले, यंदा पुन्हा खुरकत आली तर कोणाच्या माथी? मी बाबाकडं पाह्यलं. तुले माहीत आहे बाबाचा लाख्यावर किती जीव. त्याले कधी तुतारीची काठी टोचली नाई. बैलावर कोणी बसलं तर दुसऱ्याच्या पोराच्या थोबाडीत मारतीन असे बाबा.

धुरपता म्हणाली, "पाप मले लागू दे व माय. मले कोणतं आता नातवाचं लगीन करायचं हाय. मले त्या दुसऱ्यावर बसवा."

बाबा बराच वेळ लाख्याच्या मानेवर हात फिरवत राह्यले. मग डोक्याचा दुपट्टा सोडला, त्याची घडी करून त्याच्या पाठीवर टाकली अन् मले उचललं. लहानपणी ताप आला होता तवा दवाखान्यात नेलं, त्याच्यानंतर बाबानं मले कधी उचललं नव्हतं.  म्हणाले, "वशिंड घट्ट धर. भेव वाटलं तर सांग." एवढंच. मी म्हटलं, भेव नाई वाटत. खोटं बोलली.

धुरपताले चढवायले दुसरा गडी पायजे होता. रामाजी बाजूलेच उभा, पण हात पुढं करत नव्हता. का नाई, ते तुले सांगायले नको. बुढीनं त्याच्याकडं पाह्यलं अन् म्हणाली, "धर न रामाजी. मी पडल्यावर धरशीन काय?" अन् त्यानं धरलं. बुढीच्या उभ्या जन्मात पयल्यांदा. मायनं मान फिरवली. बुढीले काईच झालं नाई, दुसऱ्या बैलाच्या, चंद्र्याच्या पाठीवर बसून पदर नीट केला अन् म्हणाली, चला.

वासुदेवरावनं बांबू वर केला. खाली वाकून जाता आलं नसतं न. मोठ्यानं म्हणाला, "बैल दोन. आत."

अशी मी जंगलात गेली, ताई. माणूस म्हणून वाट नव्हती, बैलाच्या पासावर गेली.

आता काय काय सांगू. उंचावरून सगळं वेगळं दिसते. मी जलमभर लोकांच्या गुडघ्यांकडं पाहून बोलली आहे, अन् त्या दिवशी बाबाच्या डोक्यावरचं टक्कल मले वरून दिसत होतं. झाडांच्या फांद्या माह्या तोंडाले लागत होत्या. धावडा, तेंदू, सालई, बाबा नावं सांगत होते अन् मी पानं तोडून वास घेत होती. सालईचा वास माह्या हाताले अजून आहे, मी त्या हातानं अजून भांडी घासली नाई. लाखा खोलगटात उतरला तवा मी ओरडली, अन् मग हसली, अन् मागून धुरपता मातामायले शिव्याशाप का आशीर्वाद काय देत होती कोण जाणे.

डोहावर पोचलो तर सगळं गाव उभं राहून पाहून राह्यलं. पोट्टे खिदळले. पंचांतला बुढा म्हणाला, "हे काय नत्थूजी, नंदीवर?" बाबा म्हणाले, "पास हाय तिचा." बस. 

वाळूवर उतरवलं मले. अन् ताई, वाळू. आंगणातल्या शेणामातीवर सरकताना माह्ये तळहात सोलतात, तुले माहीत आहे. वाळूवर मी सरकली ते सरकतच गेली, मायच्या हाका येत राह्यल्या अन् मी थेट पाण्यात. नव्या लुगड्यासहित. थंडगार. अन् पाण्यानं माह्ये पाय उचलले. माह्ये मेलेले पाय, जे मी हातानं उचलून इकडून तिकडं ठेवते, ते आपोआप वर आले अन् हलू लागले. मी त्याईच्याकडं पाहतच राह्यली. कोणी उचलत नव्हतं. मी रडली काय, हसली काय, आठवत नाई. दोन्ही असन.

अन् मग मले तुह्यी आठवण झाली, अन् राग आला. तू दरवर्षी घरी यायची अन् मी विचारायची, काय हाय व तिथं? तू म्हणायची, काई नाई, दगड अन् काटे, उन्हानं डोकं दुखलं, तू घरी होती तेच बरं. मी मानायची. माह्या मनात जंगल म्हणजे दगड अन् काटे. काऊन सांगितलं असं खोटं, ताई?

जेवणाचं सांगते. गोवऱ्यांच्या विस्तवातून रोडगे निघाले, वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार. रामाजी दूर एका खडकावर आपलं फडकं सोडून बसला होता. कोणी बस म्हटलं नाई, कोणी ऊठ म्हटलं नाई. मी पत्रावळ हातात धरून सरकत त्याच्याजवळ गेली. सगळे पाह्यत होते. म्हटलं, तुमची जवसाची चटणी द्या थोडी. त्यानं दिली. म्हणाला, "पोरी, शिकारीच्या हाक्याले आलो ह्या जंगलात, साहेबापुढं डबे बडवत. लाकडाले आलो. नुसतं बसायले आज आलो." अन् मग आम्ही दोघं नुसते बसलो.

थोड्या वेळानं माय उठली. मले वाटलं मले ओढून न्यायले आली. ती तुपाचं भांडं घेऊन आली होती. माह्या पत्रावळीत वाढलं, थांबली, अन् मग रामाजीच्या रोडग्यावर बी धार सोडली. वरूनच सोडली, पण सोडली. घरी येऊन म्हणते, तू तिथं बसली म्हणून वाढावं लागलं.

परत येताना वासुदेवराव म्हणाला, "झालं मनासारखं?" मी म्हटलं, "पुढच्या खेपेले आमच्या गाडीचं काय ते साहेबाले विचारून ठेवा." तो म्हणाला, विचारतो.

हात दुखून राह्यला. तुह्या गोष्टीचं उत्तर राह्यलंच.

तुह्यी,
ओल्या लुगड्याची जयवंता


सोमवार, ता. २४ फेब्रुवारी १९५८

सौ. कोकिळाताईले,

नमस्कार. पत्र पोचलं. पोरांचा खोकला बरा झाला वाचून जीव भांड्यात पडला. तुले पुन्हा दिवस गेले हे वाचून माय आनंदली, मीही. तब्येतीले जप. उन्हात पाणी भरू नको.

तू लिहिलं का मी रडू नये म्हणून तू तसं सांगत होती. ते मले समजलं. तुह्या जागी मी असती तर मीही तेच केलं असतं असन. अन् तू लिहिलं, जंगल एका दिवसाचं, बाकीच्या दिवसांचं काय? अन् मायबाप गेल्यावर काय?

बाकीच्या दिवसांचं सांगते. शुक्रवारी मी बाबासंग हिंगणीच्या बाजारात गेली, गाडीत बसून. बांगड्या मी स्वतः पारखून घेतल्या. रस्त्यात लोक पाहत होते, मीही त्याईले पाह्यलं. धुरपता रोज विचारते, पुन्हा कधी. नाकेदारानं साहेबाले विचारलं, साहेब म्हणे, पाहू. मी वाट पाहत बसणार नाई, लाखा आहे. अन् मायबाप गेल्यावर काय होईन ते मले ठाऊक नाई, ताई. तुह्यंही तुले कुठं ठाऊक आहे?

आता ते लिहिते, जे दिवाळीपासून लिहिता आलं नाई.

तुह्याकडे होती तवा वरून खाली मी एकदाही उतरली नाई. जिना होता, मी काई म्हटलं नाई. एक दिवस शेजारीण आली. मी आतल्या खोलीत पडद्यामागं पाळणा हलवत होती. तिनं विचारलं, आत कोण आहे? अन् तू म्हणाली, गावाकडची बाई आहे, पोरं सांभाळायले आणली. तुह्या नणंदेचं लग्न जुळत होतं, घरात लंगडी आहे हे लोकांत जायले नको होतं, मले सगळं समजते. तू वाईट नाई. संध्याकाळी तू माह्या केसांले तेल लावून दिलं, मनापासून दिलं. पण मी ऐकलं, ताई. तेव्हा मी पाळणा हलवायची थांबली नाई, अन् त्याचाच मले आजवर राग येते.

मी पुलगावले येत नाई.

बाबाले मी सांगितलं. शेजारणीची गोष्ट नाई सांगितली, ती तुह्यी-माह्यी. फक्त म्हटलं, मले जायचं नाई. बाबा म्हणाले, मले वाटलं तुलेच जायचं आहे. मी म्हटलं, तुम्ही विचारलं कुठं? त्यावर ते गोठ्यात चालले गेले अन् बऱ्याच वेळानं आले.

भाऊजींनी न्यायले यायची तकलीफ घेऊ नये. पाहुणे म्हणून येतीन तर रोडगे करीन. तुले कामाची बाई पायजे असन तर ती पुलगावात मिळन, मिल सुटल्यावर कितीक बाया काम शोधतात. बहीण पायजे असन तर ती बेहडखेडीले आहे.

अन् तू इकडं ये. बाळंतपणाले माहेरी यायची रीत आहे, ती तुले कोणी मोडायले लावली? पोरांले घेऊन ये. तुह्यं बाळ मी सांभाळीन, रात्रभर मांडीवर घेईन, आंगणात, ओसरीवर, साऱ्या गावासमोर. निघताना शेजारीण विचारन, कुठं चालली. तिले सांगजो, बहिणीकडं.

तुह्या पाठची, एका मायच्या पोटची,
जयवंता नत्थूजी